काळ्या रानातली सायकल: पावसाळ्यात टायरची पकड वाढवण्याची क्रमवार पद्धत

मृगाचा पहिला बरा पाऊस झाला की सायकलच्या दुकानात दोन मागण्या हमखास येतात. एक, बटणांचा (उंच ठोकळ्यांच्या नक्षीचा) जाड टायर टाकून द्या. दोन, हवा जरा कमी करा. दोन्ही मागण्या रास्त आहेत, घोळ होतो तो क्रमात. मडगार्ड आणि टायरच्या मधे करंगळी जायला जागा नसताना जाड टायर टाकला, तर पहिल्याच पांदणीत, म्हणजे रानातल्या कच्च्या वाटेत, चाक जाम होतं. हवा कमी करून तशीच सायकल पुढं डांबरी रस्त्यावर दामटली, तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. मग दोष टायरला दिला जातो.

मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पकड तीन गोष्टींवर ठरते. चिखलाला चाकातून निघून जायला वाट किती, टायर जमिनीला किती टेकतो आणि माती त्या घडीला कोणत्या अवस्थेत आहे. टायरची नक्षी यानंतर येते. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानं करा.

लागणारं सामान

पाने (आपल्या नटांना लावून बघूनच घ्या), टायर काढायच्या दोन पट्ट्या, हातपंप, व्हॉल्व्हट्यूबचे (व्हॉल्व्हवर चढवायच्या बारीक रबरी नळीचे) दोन-तीन तुकडे, मोजपट्टी, पॉलिश पेपरचा तुकडा, जुना दात घासायचा ब्रश आणि बांबूची वीतभर लांब, चपटी कामटी. ही कामटी पावसाळाभर सायकलीलाच बांधून ठेवायची आहे.

## १. आधी माती हातात घ्या

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. या दोन टोकांच्या मधे ती चिकट असते आणि सायकलीला खरा त्रास तिथंच होतो. बघून अंदाज चुकतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी उतरा, लिंबाएवढी माती उचला आणि तळहातावर वळून बघा.

- वळताना भुगा होतो, वात होतच नाही: वापसा आला आहे, म्हणजे ओल बेताची राहून माती मोकळी झाली आहे. सायकल चालेल.
- समईच्या वातीसारखी बारीक, लांब वात वळते, तुटत नाही, बोटाला चिकटून राहते: ही सगळ्यात वाईट अवस्था. ही माती टायरला धरते, त्या थरावर दुसरा थर बसतो आणि पन्नास पावलांत चाकाचा लोंदा होतो. इथं कोणताही टायर चालत नाही. उतरून कडेच्या गवतावरून ढकला, नाहीतर दुसरी वाट धरा.
- बोटांच्या फटीतून ओघळते: पातळ राड. तळ कडक असेल तर हळू चालवता येतं. काठी रोवून बघा. दोन-तीन बोटांवर टणक लागलं तर जा, काठी त्याहून खोल गेली तर नको.

भर पावसात जी पांदण कशीबशी पार होते, तीच उघडीप पडल्यावर चार-सहा तासांनी चाक धरते. पाऊस थांबला म्हणून निघालेला माणूस फसतो तो यामुळं. उघडीप दिल्यावर लगेच निघायचं नाही, वापशाची वाट बघायची. ज्याला पेरणीचा वापसा कळतो, त्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

मुरूम टाकलेल्या रस्त्याला हा नियम लागत नाही. मुरमातून पाणी निथळून जातं, तिथं साधा टायरही धरतो. पण मुरमावर ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती आणून टाकली असेल, तर वरचा थर काळ्या रानाचाच समजा.

## २. चाकाभोवती जागा करा

हा टप्पा सगळे वगळतात आणि पावसाळाभर त्याचीच किंमत मोजतात.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. चाक फिरवत पाच ठिकाणी टायर आणि लोखंडातलं अंतर मोजा: पुढच्या चिमट्याच्या (चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांच्या) डोक्याखाली, पुढच्या मडगार्डच्या आत, ब्रेकच्या कमानीपाशी, पायडलच्या धुरीमागं जिथं दोन नळ्या जवळ येतात तिथं आणि सीटखालच्या आडव्या पट्टीपाशी. सर्वात कमी अंतर जिथं, तिथं पहिला लोंदा अडकणार. मागच्या चाकाला ती जागा बहुतेक वेळा पायडलमागचीच असते.

दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याची रुंदी, मोकळी असली पाहिजे. त्यासाठी:

१. रोज पांदणीतून जाणं-येणं असेल तर आषाढ-श्रावणापुरतं पुढचं मडगार्ड काढूनच ठेवा. पुढचं चाक अचानक अडलं की माणूस हँडलवरून जातो, त्यामुळं सुरुवात पुढून.

२. मडगार्ड ठेवायचंच असेल तर वर घ्या. आसाच्या नटापाशी त्याच्या तारा बसवलेल्या असतात. तिथं पट्टीचा तुकडा जोडून तारा लांब करा. चिमट्याच्या डोक्याखाली मात्र ते वर सरकत नाही, तिथं मडगार्डचा पुढचा भाग कापावा लागतो. कापलेली कड घासून घ्या, ती टायरकडं वळलेली राहता कामा नये.

३. मडगार्डच्या खालच्या टोकाला लावलेलं रबरी झापड काढा. चिखल आत ओढून धरायचं काम तेच करतं.

४. पाठीवर उडणाऱ्या चिखलासाठी पाच लिटरच्या तेलाच्या डब्याच्या प्लास्टिकचा हातभर लांब तुकडा कापून सीटखाली मागच्या बाजूला बांधा. तो चाकापासून वीतभर वर राहतो, त्यामुळं त्यात काही अडकत नाही. मागं कॅरियर असेल तर तुकडा कॅरियरवरच अंथरून बांधा.

५. चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर त्याची खालची फट उघडी आहे का बघा. आत साचलेली माती वाळली की चेन करकरते.

मडगार्डच्या आत, चिमट्याखाली आणि नळ्यांवर गोड्या तेलाचं बोट फिरवलं तर माती कमी धरते.

> सावधान: तेल फक्त लोखंडी सांगाड्याला लावायचं. टायरला डिझेल किंवा जळकं ऑईल चोपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यानं रबर फुगून मऊ पडतं आणि थेंबभर जरी रिमवर गेलं तरी ब्रेक लागत नाही. टायर, रिम आणि ब्रेकचे गुटके कोरडे ठेवा.

तपासणी: चाक फिरवा आणि टायरवर अंगठा आडवा धरून पाचही जागांतून काढा. एका जागी जरी अडकला तरी पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## ३. टायर निवडा आणि नीट चढवा

टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. गावठी सायकलीला बहुधा २८ × १½ असतो, मुलींच्या सायकलींना बरेचदा २६ × १⅜, गिअरच्या किंवा जाड चाकाच्या सायकलींना २६ × १.९५ किंवा २६ × २.१०. २६ × १⅜ आणि २६ × १.९५ या दोन्हींत २६ आहे म्हणून टायर अदलाबदल होत नाही. त्यांच्या रिमचा व्यास वेगळा आहे. दुकानदाराला पूर्ण आकडा सांगा.

चिखलासाठी बटणं उंच आणि विरळ हवीत. दाट बटणांमधे माती भरली की टायर गुळगुळीत होतो, मग बटणं असून नसल्यासारखी. दोन बटणांच्या फटीत पेन्सिल आडवी बसली पाहिजे.

रुंदीबद्दल गैरसमज फार आहे. रेतीत आणि मोकळ्या बर्फात रुंद टायर तरंगतो, म्हणून तो चांगला. आपल्या रानात मात्र वरच्या राडीखाली अनेकदा टणक थर असतो. अरुंद टायर राड कापून त्या थराला टेकतो, शिवाय बाजूला जागा सोडतो. २.१० च्या जागी १.७५ चा टायर टाकला तर दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटरहून थोडी जास्त जागा मिळते आणि वरच्या अंगालाही मिळते. मात्र रिमची रुंदी त्याला जुळते का, हे दुकानात विचारून घ्या. २८ × १½ वाल्यांना रुंदीची निवडच नसते. त्यांनी ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर मिळाला तर घ्यावा, नाहीतर निदान नक्षी न झिजलेला.

आता बर्फातल्या युक्त्यांबद्दल, कारण त्या मोबाईलवर फिरत असतात. थंड मुलखात टायरला धातूचे बारीक खिळे असतात. ते कडक बर्फात रुततात, म्हणून पकड मिळते. काही जण टायर-रिमला मिळून प्लास्टिकचे पट्टे आवळतात. ते फक्त डिस्क ब्रेकच्या सायकलीला चालतं, कारण तिथं ब्रेकचे गुटके रिमला लागत नाहीत. ते बघून इकडं टायरला सुतळी किंवा नायलॉनची दोरी गुंडाळतात. रिमला धरणाऱ्या ब्रेकमधे ती दोरी अडकून चाक तिथंच थांबतं. आणि ब्रेक डिस्कचा असला तरी दोरीच्या प्रत्येक वेढ्याला काळी माती आणखी धरते. बर्फाचा इलाज चिखलाला लावू नका.

नवा टायर कुठं? पुढं. मागचा लवकर झिजतो म्हणून नवा मागं टाकायची सवय आहे, ती मोडा. मागचं चाक सरकलं तर सीटवरून तोल सावरता येतो, पुढचं सरकलं की माणूस खालीच. चांगला टायर पुढं, त्यातल्या त्यात बरा मागं. बटणं दोन मिलिमीटरहून कमी उरली असतील किंवा कुठं आतला धागा दिसत असेल, तर तो टायर दोन्हीकडं नको.

चढवताना:

१. टायरच्या कडेवर बाण असेल तर तो चाक पुढं फिरण्याच्या दिशेला ठेवा.

२. रिमच्या आतली पट्टी आऱ्यांची टोकं पूर्ण झाकते का बघा. पट्टी कुजली असेल तर बदला. जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली तरी चालते.

३. ट्यूबमधे दोन-तीन पंप हवा भरून ती गोल करा, मग आत बसवा. पूर्ण सपाट ट्यूब टायरच्या काठाखाली चिमटते.

४. शेवटचा काठ हातानंच चढवा, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. स्क्रू ड्रायव्हर घातला की नव्या ट्यूबला पंक्चर ठरलेलं.

५. अर्धी हवा भरा, चाक फिरवा. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडं रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं आत गेली असेल तर हवा सोडून तिथं दाबून परत भरा.

## ४. हवा: दोन ठिकाणच्या दोन

हवा कमी केली की टायर जास्त टेकतो आणि पकड वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली गेलं की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तिरका होतो.

मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल (बहुतेक जाड टायरच्या सायकलींना असतो) तर मीटरवर मोजता येतं. ६०-६५ किलोच्या माणसाला २६ × १.९५ टायरसाठी चिखलात पुढं २५ ते २८ आणि मागं ३० ते ३२ पौंडांपासून (मीटरवर PSI) सुरुवात करा. डांबरी रस्त्यावर पुढं ४०, मागं ४५. टायरच्या कडेवर किमान आकडा छापलेला असेल तर त्याखाली जाऊ नका. वजन जास्त, मागं ओझं, तर मागच्या चाकात चार-पाच पौंड वाढवा. पुढच्यात वाढवायची गरज नसते.

साध्या व्हॉल्व्हट्यूबचा व्हॉल्व्ह असेल तर पंक्चरवाल्याच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. त्यातलं रबर हवा आत जाऊ देतं, बाहेर मीटरकडं येऊ देत नाही, त्यामुळं टायरमधला खरा आकडा दिसतच नाही. मोजपट्टीनं असं करा:

१. पूर्ण हवा भरा. सायकल सपाट फरशीवर उभी करा. मागच्या रिमच्या कडेपासून फरशीपर्यंतची उंची मोजा, समजा ३५ मिलिमीटर.

२. ज्यानं चालवायची त्यानं नेहमीच्या ओझ्यासह भिंतीला हात टेकून सीटवर बसावं. दुसऱ्यानं परत मोजावं.

३. उंची पाचव्या हिश्शानं, म्हणजे इथं ७ मिलिमीटरनं, कमी होईपर्यंत हवा थोडी थोडी सोडा. ही चिखलाची हवा.

४. आता आपला पंप लावून परत टायर रस्त्यासाठी कडक होईपर्यंत किती पंप लागतात ते मोजा आणि लक्षात ठेवा. हा आकडा पंपागणिक बदलतो, म्हणून तो आपल्याच पंपाचा हवा.

घरून निघताना हवा पूर्ण. पांदणीच्या तोंडाशी सोडायची, डांबरी लागली की तेवढे पंप मारून भरायची. कंटाळवाणं आहे, पण मागं दुधाचा कॅन घेऊन कमी हवेवर डांबरीवर पाच किलोमीटर गेलं की टायरच्या बगला चिरतात. टायरची किंमत बघता हा कंटाळा परवडत नाही.

व्हॉल्व्हट्यूबचं रबर उन्हाळ्यात कडक होऊन चिरतं. पावसाळ्याआधी बदला. तुकडा व्हॉल्व्हच्या भोकावर पूर्ण चढून खाली थोडा उरला पाहिजे.

तपासणी: पहिल्या फेरीनंतर व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का बघा. तिरका झाला असेल तर हवा पार सोडा, टायर-ट्यूब हातानं मागं सरकवून व्हॉल्व्ह सरळ करा आणि पुढच्या वेळी थोडी जास्त हवा ठेवा. तसाच चालवला तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. त्याला पंक्चरचा तुकडा लागत नाही, ट्यूबच बदलावी लागते.

## ५. ब्रेक

पकड वाढवून ब्रेक तसेच ठेवले तर अर्धंच काम झालं. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक फार उशिरा लागतो.

गुटके काढून बघा. काळपट चकचकीत झाले असतील तर पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा घासा. त्यात खडे रुतलेले असतील तर सुईनं उकरून काढा, नाहीतर ते रिम कोरतात. दांड्याच्या ब्रेकला गुटका आणि रिममधे तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवा. उन्हाळ्यात ठेवतात तसं अगदी चिकटून ठेवलं तर तिथंच माती साचायला लागते. मूठ पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकत नाही ना, हेही बघा.

कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे, हे सायकल नवी किंवा दुसऱ्याची असेल तर उभ्यानं दाबून पक्कं करा.

## ६. ओझं

मागच्या कॅरियरवर ओझं असलं की मागचं चाक जास्त धरतं, पण पुढचं हलकं होऊन हँडल ऐकत नाही. गवताचा भारा उंच बांधला तर वळणावर तो आपल्याला ओढतो. ओझं खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. फवारणीचा पंप भरून पाठीवर घेऊन चिखलात सायकल चालवू नका. आतलं पाणी हेलकावतं आणि तोल त्याच्याबरोबर जातो. रिकामा न्या, पाणी रानात भरा.

## ७. चालवताना

वाट निवडा. गाडवाटेत चाकोरीच्या मधे गवताचा पट्टा असतो. गवताच्या मुळांनी माती बांधलेली असते, त्यामुळं सगळ्यात चांगली पकड तिथंच. चाकोरीत पाणी साचलेलं असतं आणि तळ दिसत नाही. चाकोरीतून बाहेर यायचं असेल तर हळूहळू तिरपं येऊ नका, तिच्या काठाला पुढचं चाक घासून पडतं. उतरा आणि सायकल उचलून बाहेर घ्या.

पायडल सारखं ठेवा. झटका दिला की मागचं चाक जागेवर फिरतं आणि स्वतःसाठीच खळगा खोदतं. चढावर सीटवर बसूनच राहा. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं. गिअर असेल तर चिखलात शिरण्याआधीच हलका करा. आत गेल्यावर बदलला तर मातीनं भरलेली चेन उतरते.

ब्रेक वळणाच्या आधी. वेग सरळ रेषेत, मुख्यतः मागच्या ब्रेकनं कमी करा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. पाण्यातून बाहेर आलात की दोन्ही ब्रेक हलके टेकवून चाकाचे दोन-तीन फेरे जाऊ द्या, रिम पुसली जाते. मग ब्रेकवर विसंबा.

"खर्र" असा आवाज आला की लगेच थांबा. लोंदा चिमट्याला घासायला लागला आहे. आणखी दहा पावलं रेटलं तर चाक अडेल. उतरा, घासणारं चाक उचलून उलटं फिरवा, त्यानं बरीच माती सुटते. उरलेली कामटीनं काढा, आधी चिमट्याखालची, मग पायडलमागची, मग ब्रेकची. कामटी नसेल तर पऱ्हाटीची जाड काडी चालते. पुढं स्वच्छ पाण्याचं डबकं असेल आणि तळ कडक असेल तर त्यातून हळू जा, टायर धुऊन निघतो.

फाट्यावर सर्वात जास्त जपा. शिवारातून ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागतो तिथं शंभर-दोनशे फूट काळ्या मातीचे पट्टे पडलेले असतात. कोरडे असताना त्यांचं काही वाटत नाही. त्यावर भुरभुर झाली की कडक डांबरावर साबणासारखा थर तयार होतो, आणि त्याला कोणत्याही टायरची बटणं पुरत नाहीत. तिथं पायडल थांबवा, ब्रेक सोडा, हँडल सरळ ठेवा आणि तसंच निघून जा. वळायचं असेल तर उतरून वळा. मोठ्या पावसात हा थर वाहून जातो. धोका भुरभुरीचा जास्त.

> सावधान: नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल घेऊन किंवा ढकलतही त्यात शिरू नका. गढूळ पाण्याखाली पुलाची कड आणि वाहून गेलेला भराव दिसत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबा.

## ८. घरी आल्यावर

काळी माती ओली असताना कामटीनं सहज निघते, वाळली की विटेसारखी होते. आल्या आल्या पाच मिनिटं द्या. मोठे लोंदे काढा, मग बादलीभर पाणी तांब्यानं वरून ओता. गाडी धुण्याचा जोराचा फवारा आसांवर आणि पायडलच्या धुरीवर मारू नका. पाणी आत शिरून वंगण धुतलं जातं आणि छर्रे गंजतात.

चेन जुन्या ब्रशनं घासा, फडक्यानं कोरडी करा. मग प्रत्येक कडीला एक थेंब तेल सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल दुसऱ्या दिवशी माती धरतं. हे करताना मागच्या रिमवर फडकं टाकून ठेवा.

बटणांच्या फटीतले खडे आणि बाभळीचे काटे बघून काढा. काटा उपसल्यावर तिथं थुंकी किंवा पाण्याचा थेंब लावून बुडबुडा येतो का बघा, कारण बारीक काट्याची हवा रातभर जाते आणि सकाळी शाळेच्या वेळेला कळते. शेवटी दोन्ही चाकं उचलून मोकळी फिरवा. ती कुठं न घासता आपोआप थांबली तर सायकल उद्यासाठी तयार आहे. कुठं घासलं तर दुसऱ्या टप्प्यातल्या पाच जागा परत बघा.